निंभोरकर मास्तरांचं फ्रेंच

आर्वीला त्या काळी मिरवण्यासारख्या गोष्टी फार नव्हत्या. पुलगावहून रमतगमत येणारी छोटी गाडी होती, संत्री होती, कापसातली सरकी काढायचे जिन होते आणि आमच्या शाळेतल्या निंभोरकर मास्तरांना फ्रेंच येत होतं. पहिल्या तिन्ही गोष्टी डोळ्यांनी बघता येत. चौथी नुसती ऐकीव होती. पण गावाचा चौथीवरच जास्त जीव होता. गाडीवर पुलगावकरही हक्क सांगत आणि संत्री तळेगाव-आष्टीकडे आमच्यापेक्षा गोड निघत. फ्रेंच येणारा माणूस मात्र आर्वीचाच. कोणाकडे पाहुणा आला की त्याला देऊळ दाखवावं तसे मास्तर दाखवले जात.

"ते छत्रीवाले चालून राह्यले ना, त्याईले फ्रेंच येते."

पाहुणाही मान डोलवून भक्तिभावाने बघे. येतं म्हणजे किती येतं, असं कोणी विचारत नसे. विचारून करणार काय? तपासायला त्या मुलखात दुसरा माणूसच नव्हता.

मी गणित शिकवायला आर्वीत आलो, तेव्हा मास्तर पन्नाशीच्या अलीकडे होते. उंच, हडकुळे, मानेला थोडा बाक. ऊन असो नसो, छत्री उघडी. शाळेत ते इंग्रजी शिकवत आणि फार चांगलं शिकवत. मला खोली मिळवून दिली तीही त्यांनीच. आडनाव गजभिये असं सांगितलं की दोन घरांतल्या खोल्या त्याच दिवशी भरलेल्या निघाल्या होत्या. तिसऱ्या ठिकाणी मास्तर स्वतः गेले, घरमालकाला अंगणात उभं करून बरंच काही बोलले आणि परत येऊन मला म्हणाले, "झालं. आता तू माह्या घरासामने राह्यतो. म्हंजे मले संभाषणाले मानूस भेटला." उपकाराचा विषय त्यांनी एवढ्यात संपवला. तो संभाषणाचा काय प्रकार आहे हे मला पुढे कळलं.

खरं सांगायचं तर मला त्यांच्या फ्रेंचचं इतरांइतकं नवल वाटलं नाही. आमच्या घरी नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा झाली होती. गावाकडे माझी आई रोज संध्याकाळी मेणबत्ती लावून पाली वंदना म्हणायची. अर्थ विचारला की म्हणायची, "पह्यले तोंडात बसू दे, मंग डोक्शात बसन." जी भाषा आसपास कोणी बोलत नाही ती जीव लावून शिकता येते, हे मी घरीच पाहिलं होतं.

मास्तरांच्या फ्रेंचचा उगम एका लिलावात होता. जिनमधला गोरा साहेब गाशा गुंडाळून मायदेशी गेला, तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला. गावातल्या शहाण्या लोकांनी खुर्च्या, आरसे आणि कंदील घेतले. मास्तरांनी पुस्तकांचं खोकं घेतलं. त्यात घोड्यांच्या आजारांवरची पुस्तकं निघाली, एक बायबल निघालं आणि तळाशी एक लाल पुठ्ठ्याचं जाडजूड पुस्तक निघालं. फ्रान्सला जाणाऱ्या इंग्रज प्रवाशांना फ्रेंच बोलता यावं म्हणून ते लिहिलेलं होतं. स्टेशन, हॉटेल, टोपीवाला, शिंपी, डॉक्टर, नाटकगृह असे धडे. प्रत्येक धड्यात दोन माणसं अत्यंत सभ्यपणे बोलत असत.

पहिल्याच पानावर लिहिलं होतं की हे पुस्तक इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी आहे. दुसरा कोणी असता तर त्याने पान उलटलं असतं. मास्तर अडले. ते इंग्रजी शिकवत होते, पण आपण इंग्रजी बोलणारे आहोत असं त्यांना प्रामाणिकपणे म्हणता येईना.

"आपली बोली वऱ्हाडी," ते मला समजावून सांगत. "वऱ्हाडीतून फ्रेंचले सरळ रस्ता नाई. पुलगावले गाडी बदलल्याशिवाय मुंबईले जाता येते काय? इंग्रजी म्हंजे पुलगाव हाये, गजभिये. तिथी उतराच लागते."

म्हणून रोज सकाळी पुस्तक उघडण्याआधी मास्तर थोडा वेळ इंग्रज होत. धोतरावर कोट चढवत, एरवी कपड्यांचं गाठोडं ठेवायची खुर्ची रिकामी करून तिच्यावर ताठ बसत आणि फक्त इंग्रजी बोलत. घरात बोलायला एकच माणूस. त्यांची बायको. मी तिला वहिनी म्हणायचो. तिचं माहेर रोहण्याचं. अक्षरओळख यथातथाच, पण बोलण्यात कोणाला हार जाणारी नव्हती. एरवी मास्तर तिला नावाने हाक मारत नसत. आमच्याकडे तशी पद्धतच नव्हती. पण इंग्रज झाले की मारत.

"गुड मॉर्निंग, अनसूया. इट इज ए फाइन डे."

"हो. ज्वारी दळून आनली नाई अजून."

"आय ॲम व्हेरी ग्लॅड."

"ग्लाड का फाड, दळून आना म्हंते मी."

मी सकाळी काही कामाने गेलो की वहिनी दारातच हात आडवा करायची. "थांबा जराशे, भाऊजी. सायेब बसले हायेत. चा होईस्तोर आपले होतीन." आणि मग आवाज खाली आणून म्हणायची, "नाव घेऊन हाक मारते, तेवढं एक बरं हाये सायबाचं."

इंग्रज होऊन झालं की खरं काम सुरू होई. उच्चार. पुस्तकात प्रत्येक उच्चाराची कृती दिलेली होती आणि मास्तर ती वहिनीच्या पाटवड्यांच्या कृतीइतकी काटेकोर पाळत. एका उच्चाराला ओठांचा आकार शिट्टी मारण्यासारखा करायचा आणि आतून 'ई' म्हणायचं, असं होतं. मास्तरांना शिट्टी येत नव्हती. संस्कारी घरातला माणूस, लहानपणी मारलीच नव्हती. ते रस्त्याने, वाचनालयात, शाळेच्या व्हरांड्यात ओठांचा चंबू करून चालू लागले. आठवडाभरात मुख्याध्यापकांकडे तक्रार गेली की निंभोरकर मास्तर या वयात शिट्ट्या मारतात.

मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावलं. मी हजेरीपटाच्या कामासाठी तिथेच होतो.

"मास्तर, हे खरं आहे का?"

"शिट्टी मारत नाही, सर. तोंड फक्त तसं करतो. आतमध्ये 'ई' असते."

"आतमध्ये काय असतं ते लोकांना दिसत नाही ना. बाहेर काय दिसतं ते बघा."

"पण सर, पुस्तकात आहे."

हे त्यांचं पालुपद. एखादी गोष्ट पुस्तकात आहे म्हटलं की मास्तरांच्या दृष्टीने कोर्टाचा निकाल लागला. मुख्याध्यापकांनी हात जोडून त्यांना जाऊ दिलं. थोड्या वेळाने मी खिडकीवरून गेलो, तेव्हा मुख्याध्यापक एकटेच बसले होते आणि त्यांच्या ओठांचा चंबू झालेला होता.

पण मास्तरांची खरी अडचण उच्चारांची नव्हती. "संभाषणाले दोन मानसं लागते," ते हताशपणे म्हणत, "तेवढंच एक लफडं हाये या विद्येत." संस्कृत एकट्याने शिकता येतं, गणित एकट्याने येतं, संभाषण कसं येणार? म्हणून ते दुसरा माणूस गोळा करत हिंडत. मला डॉक्टरच्या धड्यातला रोगी केलं. मी जीभ बाहेर काढून त्यांच्या ओसरीवर बसायचो आणि ते मला कुठे दुखतं ते विचारायचे. त्या धड्यातल्या रोग्याला दाढदुखी होती, त्यामुळे मला दुसरं काही दुखून घ्यायची परवानगी नव्हती.

शिंप्याच्या धड्यासाठी ते चक्क इस्माईलभाईंच्या दुकानात गेले. मापं देता देता फ्रेंचमधून विचारलं की माझी विजार केव्हा तयार होईल. पुस्तकातला शिंपी म्हणतो, 'महाशय, मंगळवारी.' इस्माईलभाई बिचारे म्हणाले, "क्या बोले मास्टरजी? बटन पितल के लगाऊं?" धडा तिथेच मोडला. मास्तरांनी त्यांना नीट बसवून समजावलं की मी असं असं बोललो की तुम्ही फक्त मंगळवार म्हणायचं. इस्माईलभाई दिलदार माणूस. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की मास्तर दुकानावरून नुसते जाताना दिसले तरी ते मशीन थांबवून ओरडत, "मंगल को, मास्टरजी!" मास्तरही छत्री उंचावून फ्रेंचमध्ये आभार मानत. विजार मिळाली ती एका शुक्रवारी, पण त्याचं मास्तरांना काही वाटलं नाही.

गाव हसायचं, पण आपल्या माणसाला हसावं तसं. वहिनीच्या माहेरचे लोक मात्र वेगळं हसायचे. तिचा भाऊ रोहण्याहून आला की मास्तरांसमोर दाजी या नात्याने 'भाटवे, भाटवे' करी आणि स्वयंपाकघरात बहिणीला म्हणे, "अक्का, हे काहीतरी डोक्शाचं हाये. नागपूरले दाखवून आनू." ती त्याला ताडकन सांगायची, "शिकून राह्यले ते. तू काय शिकला आजवर?" पण भावाचं ते बोलणं तिच्या मनात घर करून राहिलं असणार.

एकदा दुपारी मास्तर बाजारात गेले होते. वहिनी अंगणात कापसातली कवडी, म्हणजे किडका-पिवळा कापूस, वेचत बसली होती. मी जायला निघालो तर म्हणाली, "भाऊजी, बसा. एक इचारते. हासू नोका."

मी बसलो.

"हे जे रोज सकाळी बोलते ना, ते भाषा हाये का?"

मला प्रश्न समजला नाही असं मी दाखवलं.

"म्हंजे, तिकडच्या मानसाले समजन का ते? का यायनंच मनानं काई बसवलं? पुस्तक हाये, मान्य. पन पुस्तकातून मानूस काई बी वाचू शकते. मी त्याईले कधी इचारलं नाई. इचारलं अन् त्याईलेच माईत नसन, तं मंग?"

मी म्हणालो, "वहिनी, मास्तर हुशार माणूस आहे. ते फ्रेंचच असणार."

"असनार नोका म्हनू. हाये का, ते सांगा."

ते मला सांगता येत नव्हतं. आर्वीत कोणालाच सांगता येत नव्हतं. आणि तिच्या बोलण्याने मला पहिल्यांदा लक्षात आलं की मास्तरांनाही सांगता येत नव्हतं. त्यांनी फ्रेंच माणूस जन्मात पाहिला नव्हता. इतकी वर्षं ओठांचे चंबू करून ते जे बोलत होते, ते फ्रेंच होतं की निव्वळ निंभोरकर, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. वहिनी खाली मान घालून कवडी वेचत राहिली आणि मीही तिच्याबरोबर वेचू लागलो.

त्याच हिवाळ्यात निरोप आला की वर्ध्याजवळच्या एका आश्रमात राहणाऱ्या फ्रेंच बाई आमच्या शाळेचा सूतकताईचा वर्ग पाहायला येणार आहेत.

गावात जणू कुस्त्यांची दंगल ठरली. आता कळेल, असं जो तो म्हणू लागला. पानठेल्यावर दोन तट पडले. वहिनीचा भाऊ रोहण्याहून मुद्दाम येऊन राहिला. मुख्याध्यापकांनी शिक्षकांची सभा घेतली आणि बाईंशी मास्तरांनी काय बोलायचं ते ठरवायला सांगितलं. गावातले चार प्रतिष्ठितही सभेला येऊन बसले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पाहुणी आली की जे विचारतात ते विचारायचं. लग्न झालं का, नसेल तर का नाही, भावंडं किती, शेती किती, घरी कोण असतं. आमच्या भागात याला बोलणं म्हणतात. एवढं न विचारता पाहुणा परत गेला तर तो गावाची बदनामी करतो की यांनी साधी विचारपूसही केली नाही.

मास्तर म्हणाले, "यातलं काहीच पुस्तकात नाही."

"मंग काय हाये पुस्तकात?" एका पाटलांनी विचारलं.

"हवा, स्टेशन, हॉटेल..."

"हॉटेल?" पाटील म्हणाले. "बाई जातीची पाव्हनी, अन् तिले हॉटेलचं इचारता?"

मास्तर बधले नाहीत. पण त्या दिवसापासून त्यांची भूक गेली. वहिनी ताट झाकून ठेवायची आणि ते तसंच राहायचं. सकाळी कोट घालून खुर्चीवर बसत, पण इंग्रजही होत नसत. एकदा मला म्हणाले, "गजभिये, समज तिनं ऐकलं अन् म्हटलं का ही कोनती भाषा हाये, तं?" मी काहीतरी धीर दिला. त्यांनी छत्री उघडली आणि घरातल्या घरातच थोडा वेळ हिंडले.

बाई सकाळच्या छोट्या गाडीने आल्या. साऱ्या गावाबरोबर मास्तरही स्टेशनवर हार घेऊन उभे होते. बाई साठीच्या, ठेंगण्या, जाड चष्म्याच्या, खादीची पांढरी साडी चापूनचोपून नेसलेल्या. नाव लुईझबाई. मास्तर पुढे झाले, हार घातला आणि त्यांच्या तोंडून 'नमस्कार' एवढंच निघालं. लोक एकमेकांकडे बघू लागले. वहिनीच्या भावाने मिशीवरून हात फिरवला.

वर्ग पाहून झाला. शाळेच्या पटांगणात लिंबाखाली सतरंज्या टाकल्या होत्या. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. अशी गर्दी शाळेने पंधरा ऑगस्टलाही पाहिली नव्हती. बाईंबरोबर आलेल्या कार्यकर्त्याने सांगितलं, "लुईझताई मराठी शिकल्या आहेत. महाराष्ट्रात मराठीच बोलायचं असा त्यांचा नियम आहे." कोणी टाळ्या वाजवल्या. मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा खडूसारखा झाला होता.

मुख्याध्यापकांनी नाव पुकारलं. मास्तर उठले, कोटाची बटणं लावली, घसा साफ केला.

"बाँजूर, मादाम," आणि पुढे काही शब्द.

बाई हसून म्हणाल्या, "होय. हवा फार आल्हाददायक आहे."

कोणाला काही कळलं नाही. पाहुण्या बाई आपणहून हवेबद्दल बोलल्या असं सगळ्यांना वाटलं. मास्तरांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. समोरून फ्रेंच उत्तर येईल अशी त्यांची अपेक्षा, आणि आली ती पुस्तकी मराठी. आपलं बोलणं हिला भाषा म्हणून कळलंच नाही, हवेचं काय, कोणीही बोलतं, हिने वेळ मारून नेली, असं त्यांच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसत होतं. पण माघार घ्यायची कशी? त्यांनी सर्वांत पक्का पाठ असलेला प्रश्न काढला.

"ऊ ए ला गार?"

बाईंनी चष्मा सावरला. जरा गोंधळून त्या म्हणाल्या, "रेल्वे स्थानक? ते त्या कापसाच्या कारखान्यापलीकडे आहे. मी प्रातःकाळी तेथेच उतरले. आपणच मला हार घातला."

मग मागून एक म्हातारा ओरडला, "अबे, मास्तरनं तिले स्टेशन इचारलं! जलम आर्वीत गेला अन् स्टेशन इचारून राह्यला बुवा!"

आणि पटांगणात जो हल्लकल्लोळ उडाला तो काय सांगू! हसणं होतं, पण त्याहून जास्त आनंद होता. तिला समजलं होतं! मास्तर काय विचारतात ते गावाला कळत नव्हतं, पण बाईंचं उत्तर मराठीत होतं, आणि उत्तरावरून प्रश्न आपोआप कळत होता. गावाला तपासायला माणूस मिळाला होता.

मग मास्तरांनी मागे वळून पाहिलं नाही. हॉटेलच्या धड्यातलं काहीतरी विचारलं. बाई म्हणाल्या, "होय, मला स्वतंत्र खोली आहे. न्हाणीघर विहिरीजवळ आहे." लोकांनी टाळ्या पिटल्या. डॉक्टरच्या धड्यातलं विचारलं. बाई म्हणाल्या, "ईश्वरकृपेने माझे दात उत्तम आहेत." टोप्या उडाल्या. विजारीचं विचारलं तेव्हा मात्र बाई बुचकळ्यात पडल्या आणि म्हणाल्या, "ते मी कसे सांगणार?" तर गर्दीतून इस्माईलभाईंनी जोरात उत्तर दिलं, "मंगल को!" वहिनीच्या भावाचा हात मिशीवरून केव्हाच खाली आला होता.

पण धडे किती पुरणार? नाटकगृहापर्यंत आल्यावर मास्तर थांबले. लोकांचं समाधान होईना. "मास्तर, लगीन झालं का इचारा," "शेतीचं इचारा," अशा सूचना येऊ लागल्या. मास्तर प्रत्येक वेळी हात वर करून सांगत होते की पुस्तकात नाही.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून आवाज आला.

"अवो, तिले इचारा, तिच्या माईले कोन पाह्यते."

वहिनी उभी होती. चारचौघांत, भर सभेत, आपल्या नवऱ्याशी बोलत होती. आमच्याकडे तेव्हा कोणाची बायको असं बोलत नसे. बायकांनी तोंडाला पदर लावले. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, पण तिची वऱ्हाडी त्यांच्या पुस्तकातली नव्हती. त्यांना काही कळलं नाही.

"पुस्तकात नाई," मास्तर सवयीने म्हणाले.

"पुस्तकात नाई म्हून तं इचारा. पुस्तकातलं तं मले बी पाठ झालं."

मास्तरांचे ओठ हलत होते. त्यांनी नंतर मला सांगितलं की त्या वेळी ते एकेका धड्यात पळत होते. 'आई' त्यांना डॉक्टरच्या धड्यात सापडली, 'कोण' नाटकगृहात आणि 'बघणं' टोपीवाल्याच्या दुकानात. तिन्ही आणून त्यांनी कशीबशी एकापुढे एक ठेवली. तुमची आई, बाई, कोण बघते? त्यांच्या आयुष्यातलं, पुस्तकात नसलेलं हे पहिलं फ्रेंच वाक्य.

बाईंनी चष्मा काढला. मग त्या बोलू लागल्या, आणि मराठीत नव्हे. नियम राहिला बाजूला. त्या फ्रेंच बोलत होत्या, भराभर, मास्तरांकडे बघून, मधेच वहिनीकडे बघून, हाताने काहीतरी लहानसं घर दाखवत, पुन्हा बोलत. मास्तर कानामागे हात धरून पुढे वाकले होते. तोंड उघडं. फ्रेंच माणसाच्या तोंडून फ्रेंच ते पहिल्यांदा ऐकत होते.

बाई थांबल्या. पदराने डोळे पुसले.

"काय म्हंते, काय म्हंते?" सगळ्यांनी एकच गिल्ला केला.

मास्तर वळले. खोटं सांगितलं असतं तर कोणाला कळणार होतं? कार्यकर्त्यालाही फ्रेंच येत नव्हतं. पण मास्तर सरळ वहिनीकडे बघून म्हणाले, "मले दोनच शब्द समजले वं. बहीन, अन् ऐतवार. बाकीचं सारं भर्रकन गेलं."

वहिनी म्हणाली, "मंग समजलं ना सारं. लहान बहीन पाह्यते माईले. ती आपल्या घरी राह्यते, लेकराबाळाची असन, रोज जमत नाई. ऐतवारी जाते. अन् हिले इकडे बसून वाटते का बाकीच्या दिवशी म्हातारी एकटी हाये."

मुख्याध्यापकांनी ते शुद्ध मराठीत बाईंना सांगितलं. बाईंनी ऐकलं आणि उठून सरळ बायकांच्या बाजूला गेल्या. वहिनीचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "होय. तसेच आहे. अगदी तसेच."

मास्तर मधल्या मोकळ्या जागेत एकटेच उभे होते. लोक त्यांच्याभोवती जमले, पाठ थोपटली, वहिनीच्या भावाने भर पटांगणात त्यांच्या पायाला हात लावला. मास्तरांना त्याचं भान नव्हतं असं मला वाटलं. ते बायकांच्या बाजूला बघत होते. भाषा होती ती. खरीखुरी भाषा होती. मला त्या दिवशी रडू आलं हे सांगायला मला लाज वाटत नाही.

त्यानंतर मास्तर जिंकलेल्या मल्लासारखे मिरवतील अशी गावाची अपेक्षा होती. तसं झालं नाही. उलट ते घुमे झाले. संध्याकाळी जिनच्या शेठजींकडे रेडिओ होता, तिथे जाऊन बसू लागले. शेठजींनी काटा फिरवायचा आणि मास्तरांनी रेडिओला कान लावायचा. बराच वेळ नुसती खरखर यायची. मधेच कुठलीतरी परकी बाई दोन शब्द बोलून परत खरखरीत बुडायची. मास्तर डोळे मिटून ऐकत. "हे फ्रेंच हाये का?" शेठजी विचारत. "असू शकते," मास्तर म्हणत, आणि पुन्हा कान लावत. शेठजींना बातम्या हव्या असायच्या, पण मास्तरांपुढे त्यांचं काही चालत नसे.

पुढच्या उन्हाळ्यात माझी हिंगणघाटला बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी आठवडी बाजार होता. गर्दीत मला मास्तर दिसले. एका हातात छत्री, दुसऱ्यात वांग्यांनी भरलेली पिशवी. शेजारी वहिनी एका कांदेवाल्या बाईशी भावाची घासाघीस करत होती. घासाघीस संपल्यावर त्या बाईने तराजू खाली ठेवला आणि मास्तरांकडे हनुवटीने खूण करून वहिनीला विचारलं, "मास्तरीनबाई, लोकं म्हंते ते खरं हाये का? याईले ते साता समुद्रापल्याडचं बोलनं येते म्हंते."

वहिनीने कांदे पिशवीत टाकले. मास्तर तिथेच उभे होते आणि बाजारातल्या गलक्यातही तिच्याकडे मान वाकवून ऐकत होते.

"बोलाले येते त्याईले," वहिनी म्हणाली. "आता आयकाले शिकून राह्यले."